केकचा पहिला घास

७ डिसेंबर, रविवार
चंदू एकवीस तारखेला चार वर्षांची होणार. यंदा वाढदिवस मी करणार. सगळा. श्रद्धाला म्हटलं, तू फक्त नटूनथटून बस. ती हसली. बायकांना नवऱ्याचं कौतुक असं हसूनच दाखवता येतं.

मागच्या वर्षी चंदूने केकचा पहिला घास आजोबांना, म्हणजे अण्णांना भरवला. मग आईला, मग श्रद्धाला, मग शेजारच्या साईराजला. मला नाही. कारण मी शूटिंग करत होतो. आठवडाभर मी साताऱ्यात कंपनीत असतो म्हणून पोर जरा बिचकते, एवढंच. आज उचलून घ्यायला गेलो तर आजीच्या पदराआड पळाली. यंदा पहिला घास मलाच. ठरलं.

१० डिसेंबर, बुधवार, सातारा
अख्ख्या प्लँटचं प्लॅनिंग मी करतो. एक वाढदिवस म्हणजे काय! एक्सेलमध्ये प्लॅन तयार. नातेवाइकांच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं : रविवारी संध्याकाळी साडेसहा, केक आणि जेवण. सांगलीत, घराकडच्या विश्रामबागेतल्या बेकरीत फोन करून बिनअंड्याचा केक सांगितला. सहाला तयार ठेवा म्हटलं.

ग्रुपवर कुणाचंच उत्तर नाही. भारावले असतील.

१४ डिसेंबर, रविवार
भारावले नव्हते. सगळ्यांनी अण्णांना फोन केले. अण्णांनी मला समोर बसवून विचारलं, आरं, साडेसहाला दिवस मावळलेला असतोय, मग जेवणार कोण? आपली माणसं अंथऊ करत्यात, दिवस मावळला की तोंडात घास घालत न्हाईत, हे साताऱ्याला जाऊन इसरलास व्हय?

जैनाच्या घरात जन्मून मी हे विसरेन? थंडीत सूर्य लवकर मावळतो, त्याला मी काय करू?

वर विचारलं, तिकडं तू तरी दिवसा जेवतोस का? चंदू मांडीवर बसून ऐकत होती. त्यांच्या मांडीवर. म्हटलं, रोज अंथऊ करतो. अगदीच खोटं नाही. रविवारी करतोच, आणि रविवारी मी सांगलीत असतो. चंदू माझ्याकडे बघून हसली! खोटं वसूल.

कार्यक्रम दुपारी चारला आणला. ग्रुपवर कळवून टाकलं. प्लॅनिंगमध्ये लवचिकपणा लागतो, तो माझ्याकडे आहे.

२० डिसेंबर, शनिवार
फुगे फुगवले. निम्मे साईराजने फोडले. आई सारखी विचारते, केकचं बघितलंस न्हवं? म्हटलं, आई, एक्सेलमध्ये आहे.

२१ डिसेंबर, रविवार, दुपारी साडेतीन
एक्सेलमध्ये केक सहालाच आहे. वेळ बदलल्याचं बेकरीला कुणी कळवलंच नाही. या घरात प्रत्येक गोष्ट मीच करायची का? निघालो.

पावणेपाच, बेकरीत
केक आत्ता ओव्हनमधून निघाला. बेकरीवाला म्हणतो, सायेब, तुमीच सहा म्हनलासा. वाद घातला. गरम केकवर क्रीम लावा म्हटलं, तर तो लावेना. श्रद्धाचे फोन येताहेत. उचलत नाही. तिला टेन्शन देऊन काय उपयोग?

साडेसहा, घरी
दिवस मावळला. पाहुणे जेवून गेले. अण्णा थांबेनात, म्हणून आईने शिऱ्याचा गोळा करून त्यावर बदाम खोचले आणि चंदूने तो कापला. पहिला घास अण्णांना. पण तो शिरा. शिरा धरत नाहीत.

माझा केक उघडला, कापायला लावला. म्हटलं, चंदू, पपाला भरव. तिने तुकडा उचलला, माझ्या तोंडापर्यंत आणला आणि थांबली. म्हणाली, अंधार पडला. पपा रोज अंथऊ करतात.

मी आ वासलेला तसाच. श्रद्धा खिडकीकडे तोंड करून हसत होती. अण्णांनी चंदूच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, लय गुणाची पोर हाय. मी तोंड मिटलं.

चंदूने तो तुकडा वाटीत ठेवला, वर ताटली झाकली आणि श्रद्धाला फ्रीजमध्ये ठेवायला लावली. पपांना सकाळी, म्हणाली. म्हणजे माझ्यासाठी राखून ठेवला! इतरांना नुसता भरवला होता. हिशेबाने मीच पुढे.

२२ डिसेंबर, सोमवार, सातारा
पहाटेच्या गाडीने आलो. पहिल्या शिफ्टला हजर राहायचंच होतं. हे प्लॅनमध्ये नव्हतं. निघताना चंदू गाढ झोपेत. फ्रीज उघडला, वाटी बघितली, परत लावला. तिने भरवायचा घास आपणच खाल्ला तर त्यात काय राहिलं?

दुपारी श्रद्धाचा फोन. उठल्या उठल्या चंदू वाटी घेऊन घरभर फिरली. पपा गेले म्हटल्यावर दारात उभी राहिली. अण्णांनी विचारलं, मी खाऊ का? तर नाही म्हणाली, पपांचा आहे. मग पायरीवर बसून स्वतःच सगळा खाल्ला. वर बजावलं, पपांना सांगू नको.

मी मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग नव्हती. वाईट वाटलं, फारच वाटलं. केक कसा झाला होता, हेही विचारायचं राहिलं.