यहूदाचा आवाज

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येत नाही, तेव्हा तू जिवंत आहेस हे मला टीव्हीवरून कळतं. बाबांची दृष्टी गेल्यावर चर्चच्या मंडळीने त्यांच्या खोलीत एक जुना टीव्ही आणून ठेवला. ते तो नुसता ऐकतात. संध्याकाळी प्रभूच्या चरित्रावरची परदेशी मालिका लागते, आपल्या भाषेत बोलणारी. त्यातल्या यहूदाने, प्रभूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या त्या शिष्याने, तोंड उघडलं आणि मी भाजी चिरताना थांबले. बरणी फोडून वर ‘मी नाही’ म्हणायचास, तोच आवाज.

मालिका बेताची आहे. प्रभूला केस वाऱ्यावर सोडण्याखेरीज काम नाही, आणि यहूदाला लेखकाने पदरची एक आजारी आई दिली आहे. पापाला कारण चिकटवलं की बघणाऱ्याला बरी झोप लागत असावी. कॉलेजात शिकवत असते तर लेखकाला नापास केलं असतं.

पण हे टीका करायला लिहीत नाही. बाबांनीही तुला ओळखलं. त्यांना आता नाटक कुठलं आणि घर कुठलं हे उमगत नाही. धाकटा वाईट संगतीला लागलाय, कुणाला तरी धरून द्यायचं बोलतोय, असं मला सांगतात आणि तुझ्यासाठी प्रार्थना करत बसतात. इतकी वर्षं ज्याचं नाव काढलं नाही, त्याच्यासाठी. डॉक्टरांच्या मते हृदय थकलं आहे, फार आशा धरू नये. तू ये आणि त्यांच्यासमोर बस. बाकीचं मी बघते.

लोभ आहे असं धरून चालते. पत्र लिहून तो दाखव.
तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला दाद देतो. आमच्या दिग्दर्शकालाही माझा आवाज यहूदाला शोभतो असं वाटतं. प्रभूला ओळखतच नाही म्हणाला आणि तरी क्षमा मिळाली, त्या पेत्राचं काम एका जाड्या गृहस्थाला गेलं, त्याच्या घशात म्हणे पश्चात्ताप आहे. आम्ही एका कपाटाएवढ्या खोलीत उभे राहतो, भिंतींना फोम, समोर पडदा. परक्याचे ओठ हलतात तेवढ्या वेळात आपलं वाक्य बसवायचं, समोरचा बोलतो तेवढी जागा सोडायची. ओठ मिटले की आपण गप्प. या धंद्यात मी पटाईत आहे, एवढं तरी कबूल कर.

यायचं म्हणतेस. बाबांच्या पवित्र शास्त्राच्या वर्गात मी एकदाच प्रश्न विचारला होता. यहूदाने घाईने जीव दिला नसता, आणखी थोडं थांबला असता, तर प्रभूने मेलेल्यांतून उठल्यावर त्याला क्षमा केली असती का? बाबा पाळक होते, उत्तर त्यांना द्यायलाच हवं होतं. त्यांनी दिलं: त्याच्यासाठी दार नव्हतं, आणि असं विचारणाऱ्यासाठीही नाही. सगळ्या मुलांसमोर कान धरून मला वर्गाबाहेर काढलं. तेव्हापासून मी बाहेरच आहे, ताई. घर नंतर सोडलं, एवढंच.

आता त्यांनाच यहूदाची काळजी वाटते, हे ऐकून हसू आलं. टीव्ही बंद करून टाक.

मोठ्यांनी रागावल्यावरही माया ठेवावी, ही विनंती.
तुझा,
धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बंद केला. काय झालं ते ऐक. संध्याकाळ झाली, तुझा आवाज आला नाही, आणि बाबा भिंत धरत दारापर्यंत गेले. तो गेला, कुणी अडवलं नाही, असं म्हणत उंबऱ्यातच बसले. नर्सबाई आणि मी मिळून त्यांना आत आणलं. त्यांना ओरडून सांगितलं की हे सिनेमासारखं आहे, धाकटा पगार घेऊन बोलतो. त्यांनी शांतपणे विचारलं, बोलतो तोच ना?

दुसऱ्या दिवशी टीव्ही पुन्हा लावला.

तुझा कान धरला हे वाईट केलं. मी तेव्हा त्यांची बाजू घेतली होती, कारण मोठ्या मुलींनी तसं करायचं असतं. पण तुला न्यायच हवा असेल तर तो आता या बिछान्यात मिळणार नाही. तिथे एक भेदरलेला म्हातारा आहे आणि त्याला मुलगा फास लावून घेईल ही भीती आहे. सगळं शास्त्र विसरले, ती गोष्ट कशी संपते एवढं बरोबर लक्षात आहे. तो भाग केव्हा दाखवणार ते कळव. त्याच्याआधी ये.

रुसवा बाजूला ठेवून येशील या भरवशावर,
ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो भाग येत्या शुक्रवारी आहे. माझं ध्वनिमुद्रण कधीच झालं. त्यात वाक्य नाही, नुसता घशाचा आवाज. दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा करून घेतला, घरी गेल्यावर मला गिळवेना.

शनिवारी काम संपतं, रविवारी निघतो. त्याआधी सुटी मागितली, नाही मिळाली. खरं सांगतो, फार जोराने मागितलीही नाही.

सोबत कॅसेट पाठवतो. शुक्रवारी मालिकेच्या आधी बाबांच्या उशाशी लाव. त्यांच्याशी समोर बसून बोलतोय असं वाटावं म्हणून त्यांच्या उत्तरांसाठी मध्येमध्ये जागा सोडली आहे. बाबा किती बोलतील याचा अंदाज मला पाठ आहे. दोन शब्दांत निकाल लावायचे. त्यांना कळू दे की मी सुखरूप आहे.

माझ्यावरचा लोभ या आठवड्यापुरता थोडा वाढव.
तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दफनाला आलास, फाटकाशी उभा राहिलास आणि चहाला न थांबता गेलास. लोकांसमोर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मी हाक मारली नाही. आता सांगते. मऊ करून सांगणं मला जमत नाही.

कॅसेट लावली. ‘बाबा, मी आहे’ एवढं ऐकताच ते उठून बसले. चेहरा असा झाला की नर्सबाई बाहेर निघून गेल्या. तू विचारलंस, कसे आहात. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. पण आता त्यांचा एक शब्द यायला किती वेळ लागायचा, हे तुला कुठून माहीत असणार? तू सोडलेली जागा जुन्या बाबांच्या मापाची होती. ते पहिल्या शब्दावर असतानाच तू पुढे बोलू लागलास. प्रत्येक वेळी तसंच झालं. ते थांब म्हणायचे, तू बोलत राहायचास. शेवटी तू ‘बरं, येतो बाबा’ म्हणालास आणि खरखर ऐकू आली. मी पुन्हा लावली, मधेच बंद करून बघितली. त्यांना ते पटलं नाही. तो ऐकून न घेता गेला, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

टीव्ही मी त्या संध्याकाळी लावलाच नाही. पलीकडच्या घरात लागला होता. भिंतीतून तुझ्या घशाचा तो आवाज आला. बाबांनी माझा हात सोडला. त्यानंतर अन्नाला शिवले नाहीत, आणि रविवारी, तू गाडीत असताना, गेले. तू सुखरूप आहेस हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते तसंच राहणार, त्यावर इलाज नाही.

तुला बोल लावत नाही. कॅसेट मी लावली, हे लक्षात ठेव.

पण तुझ्या आवाजाखाली ते काय बोलत होते, ते ऐकायला खोलीत मी एकटीच होते. तुकड्यातुकड्यांत आलं, मी जोडून लिहिते. आपल्या पदरचा एक शब्द घातलेला नाही. घालायचा असता तर याहून बरं लिहिलं असतं.

“थांब. घाई करू नकोस. पेत्रानेही तेच केलं होतं रे, तो फक्त थांबला. तूही थांब. दार आहे. मी नाही म्हटलं होतं, मला माहीत नव्हतं.”

खोली झाडून ठेवली आहे. तुला जेव्हा यावंसं वाटेल तेव्हा ये, पण या वेळी आत ये.

तुझी,
ताई