कॉम्प्युटरमधला पहारा

अहो,

मी मैंदर्गीला आईकडं जातेय. डब्यात भाकरी आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या. उद्या नळाला पाणी येईल, टाकी भरायला विसरू नका.

कॉम्प्युटरवरचं जुनं सगळं पुसून कुठल्याच कंपनीची नसलेली ती लिनक्स सिस्टिम टाकलीत, तेव्हा म्हणाला होतात, "आता कुठली कंपनी आपल्या घरात डोकावणार नाही." मला लई बरं वाटलं होतं. काल जेवताना तुम्ही सहज बोलून गेलात, "बीएडचं खूळ डोक्यातून काढ." ते मी फक्त अपेक्षाताईला मेलमध्ये लिहिलं होतं. तुम्हाला कधी बोलले?

चालू असलेले प्रोग्राम कसे बघायचे, ते तुम्हीच शिकवलंत की. आज बघितले. मी टाइप केलेलं अक्षर न् अक्षर एक प्रोग्राम साठवून ठेवतोय, आणि तो तुमच्या नावानं चालतोय.

तो काढायला मला येतं. पण काढला नाही. उद्या तुम्ही दुसरा टाकाल.

म्हणून ही चिठ्ठी हातानं लिहिली. एवढं तरी माझं लिहून झाल्यावर वाचा.

कंपनीला घराबाहेर ठेवता आलं हो. तुम्हाला कुठं ठेवू?

अंकिता