सुषमाच्या गाडीचे दिवे

रविवार, १७ नोव्हेंबर २०१३. कुडवा

माझी बायको सुषमा वारल्यापासून तिची गाडी अंगणात उभीच होती. आज पुढचे दिवे घासायला घेतले. प्लास्टिक पिवळं पडलेलं, शाळेतून अंधारात परतताना ती फार वैतागायची. पाणीपेपरने, म्हणजे ओल्या सँडपेपरने घासलं तर सगळं दुधासारखं पांढरं झालं. आधीपेक्षा वाईट.

तेवढ्यात माझे मोठे भाऊ आले. "काय करून राहिला बे? होतं ते बी बिघडवलं! उद्या गिऱ्हाईक येऊन राहिलं." ड्रायव्हरच्या सीटवरची उशी त्यांनी उचलून मागे फेकली. सुषमा ठेंगणी, उशीशिवाय तिला रस्ता दिसत नसे.

मी घासत राहिलो. आणखी बारीक पेपर, मग पॉलिश. दिवे नव्यासारखे स्वच्छ झाले. दादा खूश. "आता चांगला भाव येते."

"विकायची नाही."

"तुले चालवता येते काय? बायको चालवे, तू बाजूले बसून राहे."

"शिकीन."

"पन्नाशीत? अन् हे दिवे वर्षभरात परत पिवळे होतीन."

"होऊ द्या. परत घासीन."

दादांना असं उलट कधी बोललो होतो का? आठवत नाही. गाडी ठेवायचं नेमकं कधी ठरवलं, घासतानाच? तेही सांगता येत नाही.

उद्या गिऱ्हाइकाला चहा देईन, चावी नाही.

उशी परत तिच्या जागेवर ठेवली आणि बसून पाहिलं. माझं डोकं छताला लागतं. लागू दे.