मावशीला कसं सांगू

आई,

दादा गेला. पुण्यालाच सगळं आटोपलं. तो तुझ्याकडेच आलाय, तुला हे माझ्याआधी कळलंही असेल, पण मावशीला कोणी सांगायचं यावरून घरात बरीच फोनाफोनी झाली. तो लहान असताना, तू ड्यूटीवर असायचीस तेव्हा, आपल्याकडे राहून त्याला तिनेच वाढवलं. दादाची सूनबाई म्हणाली, या वयात त्यांना सांगूच नका. कोणी म्हणालं, फोनवर सांगून टाका. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही नर्सबाईंची मुलगी, तुम्हाला जमेल. मी मावशीच्या गावच्या, पिंपळगाव राजाच्या बसमध्ये बसले आणि वाटभर तुलाच विचारत राहिले, मावशीला कसं सांगू?

संग्रामपूरच्या दवाखान्यात वाईट बातमी सांगायचं काम तुझ्याकडेच यायचं. डॉक्टर सगळ्यांना एकच वाक्य बोलून आत जात आणि ऐकणारा माणूस भिंतीकडे बघत राही. मग तू जायचीस. सुटीत मी दवाखान्याच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे, तेव्हा बघितलंय. सोनाळ्याच्या एका म्हाताऱ्याची बायको गेली. तू आधी त्याच्या बैलांची चौकशी केलीस, वैरण कोण टाकेल ते विचारलंस, त्याच्या शेजाऱ्याला निरोप धाडलास आणि मगच त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. बांगड्यांच्या दुकानवाल्या चाचांना मात्र दारातच सांगितलंस, "चाचा, अम्मी राह्यल्या नाई." ते आल्यापासून तुझ्या तोंडाकडे बघत होते, आडवळण त्यांना सोसलं नसतं. एका बाळंतिणीच्या आईशी तर तू बोललीच नाहीस. तिच्याजवळ बसलीस, तिचा घसरलेला पदर नीट केलास, आणि तिला कळलं. मी एकदा म्हटलं, सगळ्यांना सारखंच का नाही सांगत? हाताला साबण चोळता चोळता तू रागावलीस.

"मरण सारखं असन. ऐकणारं माणूस सारखं असते काय व?"

बाबा गेले तेव्हा दादाला तू उंबऱ्यातच, एका वाक्यात सांगितलंस. तो तुझ्या कमरेला मिठी मारून रडला, तू त्याला कितीतरी वेळ सोडलं नाहीस. हे त्यानेच मला पुढच्या सुटीत सांगितलं. माझ्याकडे तू खामगावला बोर्डिंगमध्ये आलीस. भेटीच्या खोलीत आपण दोघी लांब बाकावर बसलोय. समोर मदर मेरीची तसबीर, फरशीला फिनेलचा वास. तू पिशवीतून ओल्या हरभऱ्याची जुडी काढतेस, माझ्या मांडीवर ठेवतेस आणि म्हणतेस, सोल. मला नवल वाटतं, पण मी सोलायला लागते. अर्धी जुडी होते तेव्हा तू सांगतेस. माझी बोटं थांबत नाहीत. मी घाटे फोडत राहते, दाणे युनिफॉर्मच्या घोळात पडत राहतात. तू माझ्याकडे बघत नाहीस, तूही सोलतेस. नंतर सिस्टर म्हणाल्या, किती धीराची मुलगी आहे. मला एवढंच समजलं, की दादाला मिठी मिळाली आणि मला हरभरा.

मावशी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, तांब्या पुढे केला, मग शेंगांचं सूप आमच्या दोघींच्या मध्ये सरकवलं. मला बरंच वाटलं. म्हटलं, सूप अर्धं होऊ दे, मग सांगते. बसमधली गर्दी, माझे गुडघे, काहीबाही बोलत राहिले. ती हं हं करत होती. मग तिनेच, मान वर न करता, विचारलं, "फोन न करता आली तू, एकटी. तुहा भाऊ गेला ना व?"

माझी बोटं थांबली नाहीत.

"सोलत राह्य," ती म्हणाली. "तुह्या बापाच्या वक्ताले तुही माय बोर्डिंगले जायच्या आधी माह्याकडे आली होती. म्हणे, पोराले कसं सांगाव ते समजलं मले, पोरीचं समजत नाई. तिले जवळ घेतलं त ती दगड होते, मंग महिनाभर बोलत नाई. येथंच बसून लय इचार केला तिनं. मंग म्हणे, तिच्या हाताले काम दिलं पाह्यजे. जाता जाता माह्याच वावरातली हरभऱ्याची जुडी घेऊन गेली." मग तिने पदर तोंडावर ओढला आणि दादाला लहानपणच्या नावाने हाका मारत रडली. सांगायला आलेली मी, शेंगा सोलत राहिले.

ती आता आत पडली आहे. आज चूल पेटायची नाही, शेजारच्या भाभी भाकरी आणतो म्हणाल्यात. दाणे सुपात तसेच आहेत. मी ओसरीवर हे लिहितेय, लिहून झालं की घडी करून पर्समध्ये ठेवीन. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या दिवशी तू माझा विचारच केला नव्हतास. तू तर माझाच जास्त केला होतास. आणि मला बरोबर ओळखलं होतंस.

तरीही एक सांगते, हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच सांगते. त्या बाकावर ती जुडी बाजूला सारून तू मला जवळ ओढायला हवं होतंस. झाले असते मी दगड. माझ्या बाबतीत एकदा तरी तू चुकायला हवी होतीस.