नऊवारीतला बाण

रविवार संध्याकाळ, नागाव

क्लबात सगळ्यांकडे कप्प्या आणि भिंग लावलेली कंपाउंड धनुष्यं. बांबूचं माझं एकटीचं. आज सर म्हणाले, "तू स्पर्धेच्या उद्घाटनाला नऊवारी नेसून एक बाण मार. स्पर्धेत उगाच शेवटी येशील."

"ताई, मुकुट आम्ही आणतो," मागून रोहन. सगळे हसले.

शेवटी येईन, ठाऊक आहे. कप्प्यांमुळे त्यांना ताणलेली दोरी धरायला जेमतेम चतुर्थांश जोर लागतो; माझ्या बोटांवर सगळा असतो. तरी माझे गुण मोजले जायला हवेत. नऊवारीतल्या बाणाला गुण कोण देतं?

मी फक्त "बघते" म्हणाले. माझ्या लेखी तो नकार होता. सरांनी होकार धरला आणि ग्रुपवर उद्घाटनाच्या कार्यक्रमात माझं नाव टाकलं, पाहुण्यांच्या सत्काराच्या खाली. सरळ नाही म्हणायला काय झालं होतं मला?

आत्ता कळवलं: "सर, नऊवारी नाही. मला स्पर्धेत घ्या." त्यांनी वाचलंय. स्पर्धकांत माझं नाव अजून नाही.