कारखानदाराची दुसरी बायको

४ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
वॉर्डात गर्दी आहे, बाकी ठीक. कारखानदाराची दुसरी बायको एकनिष्ठ आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. नवऱ्याशी गोड बोलताना ती दर वेळी कानातलं चाचपते. तिचा डोळा घरावर आहे, यावर आम्हा सगळ्या नर्सांचं एकमत आहे. पहिल्या बायकोचा फोटो अडगळीत कुणी टाकला, आठवा.
माया करा, पण टीव्ही मालिकेतल्या माणसांवर जरा हात राखून.
तुमची,
बबडी

११ जुलै

चि. बबडीस,
अ. उ. आ.
घड्याळं बंद पडायची थांबत नाहीत, त्यामुळे दुकान चालू आहे. तुझा कानातल्याचा मुद्दा ग्रंथपाल बाईंना वाचून दाखवला. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून त्या संध्याकाळी मालिका बघायला येतात, हे लिहायचं राहिलं होतं. त्यांच्या मते ते कानातलं टोचत असावं. फोटोची काच तडकली होती, आणि दुसरी बायको गुपचूप नवी बसवून आणणार. मला पटलं.
आणखी एक राहिलं. तुझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी बाईंना लग्नाचं विचारलं आहे. मुलीचं मत कळल्याशिवाय उत्तर देणार नाही म्हणाल्या. सवडीने कळव. घाई नाही, पण मी एकाहत्तरचा आहे.
तुझा,
बाबा

१८ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न.
पत्र पोचलं. दुसऱ्या बायकोबद्दल माझं मत कायम आहे. बाकी काही सुचत नाही.
बबडी

२ ऑगस्ट

चि. बबडीस,
अ. उ. आ.
लपवाछपवी नको म्हणून तुझं पत्र बाईंना वाचून दाखवलं. मुलीचं काही चुकत नाही, म्हणाल्या. मालिकेबद्दल बोलत असतील असं मी धरून चाललो. त्या दिवसापासून आल्या नाहीत. काल दुसरी बायको हमसून हमसून रडली. का रडली असेल, हे विचारायला शेजारी कुणी नव्हतं.
तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र टाकत जा.
बाबा

१० ऑगस्ट

सौजन्यमूर्ती ग्रंथपाल बाईंस,
सा. न. वि. वि.
आपली ओळख नाही. मी घड्याळजींची मुलगी. न कळवता घरी आले आहे.
दाराआड एक घडीची खुर्ची दिसली. कुणाची विचारलं, तर बाबा म्हणाले, बाईंची. पहिल्याच दिवशी घरून दोन जिने चढवून आणली. आईची खुर्ची टीव्हीसमोर रिकामी असताना हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं.  आईच्या खुर्चीवर तुम्ही एकदाही बसला नाहीत, एवढंच बाबा म्हणाले. 
रात्री मालिका पाहिली. दुसऱ्या बायकोने घर विकलं. म्हणजे माझंच खरं ठरलं. बाबा म्हणाले, लेखकांनी घाई केली. मी वाद घातला नाही.
माझं मत तुम्हांला हवं होतं. बाबांनी वाचून दाखवलेल्या त्या तीन ओळींतलं मत कारखानदाराच्या बायकोपुरतंच धरावं, ही विनंती. बाबांना काय ते उत्तर तुम्ही द्या. माझी आडकाठी नाही.
तुमची घडीची खुर्ची सोबत पाठवते आहे. संध्याकाळी याल, तेव्हा परत आणू नये.
कृपा असावी, आणि सवय होईपर्यंत धीरही.
बबडी