माझं वायरिंग आणि माझीच माणसं

१६ ऑक्टोबर १९८३, दसरा
पूर्वजांनी गायकवाडी फौजेत तलवार पुजली, मी पेचकस पुजतो. फूल वाहून, दरवर्षीप्रमाणे, घरातल्या प्रत्येक स्विचबोर्डाचे स्क्रू एकेक आटा आवळले. कारेलीबागेतल्या या बंगल्याचं अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग माझ्या हातचं. पोरवयात वायरची भेंडोळी खांद्यावर वाहिली, आज स्वतःचं दुकान आहे. फ्यूज उडतात, तो फ्यूजचा दोष.

१९ ऑक्टोबर
जावई बाळकृष्ण कोयलीहून आले. रिफायनरीत इंजिनियर. निरूचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, म्हणून मागची खोली बघायला. खोली बघायची सोडून तिथल्या स्विचबोर्डावर हात ठेवला. म्हणे गरम लागतो. म्हणे अ‍ॅल्युमिनियम मऊ, फार आवळलं की तार चेपते, मग जोड ढिला पडून तापतो. बाळ यायच्या आत सगळं वायरिंग बदला. मी हसलो. ढिला जोड मला फाटकातून ऐकू येतो. जावई म्हणाले, तापण्याला आवाज नसतो. रिफायनरीवाल्यांना जिथे तिथे आगच दिसते.
संकल्प : त्या बोर्डाला उद्या आणखी एक आटा.

२० ऑक्टोबर
आवळला. तार तुटली. तांब्याचा तुकडा पिळून जोडली. आता दोन्ही धातूंची ताकद. जावयांना सांगणार नाही, उगाच मन मोडेल.

२३ ऑक्टोबर
कुंपणापाशी सौ. शेजारच्या मंजुलाबेनना हळूच म्हणाली, "एमने हमणां कशुं ना कहेशो." मला सांगायचं नाही! संध्याकाळी फोनवर तिच्या भावाशी, श्रीपतरावांशी : सगळं तुमच्याच घरी, नागरवाड्यात, ठरल्याप्रमाणे. माझे कान तिखट. दोन तारखेला मला साठ पूर्ण. सत्कार ठरलेला दिसतो. काही न कळल्याचं नाटक केलं. छान जमलं.

२६ ऑक्टोबर
नात झाली. निरू सुखरूप. सोसायटीत पेढे वाटले. मागच्या खोलीत पाळण्यासाठी कडी ठोकली. सत्काराला उत्तर म्हणून चार शब्द लिहायला घेतले. 'शून्यातून' हा शब्द तीनदा आला, राहू दे.

३० ऑक्टोबर
मागच्या खोलीत करपल्याचा वास. उदबत्ती असावी. उदबत्ती लावलीच नाही, असं सौ. म्हणाली. बोर्ड उघडला. आतून थोडा काळा. हल्लीचं बेकलाइट हलकं. पुसून बंद केला. सौ. पाळण्याच्या कडीकडे बघत राहिली. केवढा विश्वास!

२ नोव्हेंबर
इस्त्रीचा कोट घालून सकाळपासून ओट्यावर. निरूला आज दवाखान्यातून सोडणार होते, सौ. आणायला गेलेली. दुपार टळली. शेवटी मंजुलाबेन कुंपणापाशी थांबल्या. "ए लोको तो सीधा नागरवाडा गया. तमने खबर नथी?" आत बघितलं तर बाळंतविड्याची पेटी नाही, सौ.च्या साड्याही नाहीत. सत्कार वगैरे काही नव्हताच. बायको, मुलगी, जावई, मेहुणा, शेजारीण, सगळे सामील. ज्या घरात खिळासुद्धा दुसऱ्याने ठोकला नाही, त्या घराला माझीच माणसं भितात.
संकल्प : नागरवाड्यात पाऊल टाकणार नाही.

४ नोव्हेंबर, दिवाळी
दिव्यांची माळ लावली नाही. बोर्डाला घाबरून नव्हे. लावायची कोणासाठी?

६ नोव्हेंबर
आज बारसं. गेलो. आजोबा नाहीत म्हणून लोकांनी निरूला प्रश्न विचारले असते.
दारात श्रीपतराव. "या दाजी," एवढंच. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पोर पाळण्यात झोपलेली. नाक आमच्याकडचं. निरू डोळे खाली घालून म्हणाली, "बाबा, तुमच्यावर राग नाही. पण तिला त्या खोलीत मी नाही निजवणार."
मी पाळण्याची दोरी हातात घेतली.
जेवणं झाल्यावर जावयांनी बंगल्याची किल्ली मागितली. उद्यापासून माणसं तांब्याची वायर ओढणार. मी म्हटलं, विचार करून सांगतो. सौ.ने हात पुढे केला. दिली.
मग मी कुठे राहायचं, असं विचारलं. सौ.ने आतल्या खोलीकडे बोट केलं. माझी गादी सकाळपासूनच घातलेली होती.